आर, जाळी आणि जपान

ओसाकाला नोकरीला असलेला आमचा भाचा दर दोन वर्षांनी येतो, आणि येताना असं काहीतरी आणतो की त्याचं काय करायचं हे तो परत गेल्यावर फोन करून विचारावं लागतं. मागच्या खेपेला त्याने चहा आणला होता. तो पालकासारखा हिरवा होता आणि लागतही पालकासारखाच होता. या खेपेला त्याने जेवणाच्या टेबलावर तीन लाकडी वस्तू मांडल्या.

"अय्या, ताकाची रवी!" सौ. म्हणाली.

"मामी, रवी नाही, केन्डामा," भाचा म्हणाला. "केन म्हणजे तलवार, तामा म्हणजे चेंडू. काकाकडून पुतण्याला. तिन्हींतला एक त्याने निवडायचा. उरलेले दोन मित्रांच्या मुलांना."

वाचकांनी ही वस्तू पाहिली नसेल तर वर्णन करतो. वीतभर लांबीची लाकडी मूठ. वरच्या टोकाला अणकुची. मुठीवर आडवा बसवलेला हातोडीसारखा तुकडा, त्याच्या दोन टोकांना दोन वाट्या, एक मोठी आणि एक लहान. मुठीच्या बुडाशी तिसरी, उथळ वाटी. आणि या सगळ्याला दोरीने बांधलेला, भोक पाडलेला लाकडी चेंडू. चेंडू उडवायचा आणि वाटीत झेलायचा. ते जमलं की अणकुचीवर झेलायचा, म्हणजे भोकात अणकुची शिरली पाहिजे. झाला खेळ. एवढ्यासाठी माणसाला ओसाकाला जावं लागतं.

तीन नमुने तीन लाकडांचे होते. पहिला बीचचा, म्हणजे जपानात पूर्वापार चालत आलेला. दुसरा मेपलचा. तो जास्त कठीण. तिसरा अक्रोडाच्या लाकडाचा, चॉकलेटी, आणि त्याची किंमत ऐकून सौ.ने टेबलावरचा हात काढून घेतला. ही तिथली किंमत. आपल्या सरकारने २०२० साली खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं आणि २०२३ साली ७० वर. तेव्हा हा केन्डामा इथल्या दुकानात घ्यायला गेलो असतो तर चेंडू या महिन्यात आणि मूठ पुढच्या महिन्यात घ्यावी लागली असती.

नातवाने अर्थातच अक्रोडाकडे हात नेला. आणि इथे माझं मला कळायच्या आत मी म्हणालो, "थांब."

मी एकेक केन्डामा उचलला. कानाशी धरून नखाने वाजवला. हुंगला. चेंडूवरच्या रेषा कुठून कुठे जातात ते चष्मा वर करून पाहिलं. गाठ कुठे आहे का ते अंगठ्याने चाचपलं. मग मेपलचा नातवाच्या हातात ठेवला. "हा घे. अक्रोड दिसायला छान आहे, पण हा वाजतो खणखणीत. आणि याच्या चेंडूचं वजन मुठीला शोभेसं आहे."

भाचा माझ्याकडे बघतच राहिला. "मामा, जपानात जाणकार लोक असंच निवडतात! तुम्ही केन्डामा कधी खेळला होता?"

केन्डामा मी जन्मात पाहिला नव्हता. मी भोवरा पारखत होतो. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बाळकुमच्या धुळीत शिकलेली विद्या तेवढी अंगात शिल्लक होती.

त्या रात्री भाच्याने केन्डामाचा इतिहास ऐकवला. याची भावंडं जगभर आहेत. फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री हा १५८५ साली असलाच वाटी-चेंडू हातात घेऊन पॅरिसच्या रस्त्यांतून खेळत फिरे, आणि राजा खेळतो म्हणून दरबारीही खेळत. (राज्य चाललं होतं तेव्हा यादवीत. पण खेळाचा दोष नसावा.) जपानात तो अठराव्या शतकात पोचला आणि तिथे आधी पिणाऱ्यांच्या बैठकीत शिरला: ज्याचा चेंडू चुकेल त्याने एक पेला रिचवायचा. त्यामुळे चुकणारा पुढच्या खेपेला आणखी चुकत असणार, हे उघड आहे. पुढे कुरे गावच्या एगुसा हामाजी नावाच्या गृहस्थाने १९१८-१९ च्या सुमारास त्याला आजचं रूप देऊन सरकारदरबारी नोंदवलं. हिरोशिमाजवळच्या हात्सुकाइची या लाकडाच्या वखारींच्या आणि कातकामाच्या गावात तो १९२१ पासून तयार होऊ लागला. १९७५ साली फुजिवारा इस्सेई या बालसाहित्यिकाने राष्ट्रीय संघटना काढली. तिने खेळण्याचं माप ठरवलं, परीक्षा ठरवल्या, आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट असतात तशा पायऱ्या ठरवल्या. २०१४ पासून त्याच हात्सुकाइचीत जागतिक स्पर्धा सुरू झाली.

मी हे सगळं ऐकलं आणि मला झोप येईना. कारण माझ्या मनात आलं, उद्या ओसाकाचा कुणी जपानी मामा माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "आता तुमच्या भोवऱ्याचा इतिहास सांगा," तर मी काय सांगणार?

शब्दाचा सांगता येईल. भोवरा हा संस्कृतातल्या भ्रमराचा वंशज. म्हणजे तो आधी गुणगुणणारा भुंगा. संस्कृतात भ्रमरक या शब्दाचा अर्थ कोशकार भोवरा असाही देतात. मराठीत त्या एका शब्दाने तीन घरं केली: नदीत फिरतं पाणी तो भोवरा, डोक्यावरचे फिरलेले केस तो भोवरा, आणि जमिनीवर फिरतं लाकूड तोही भोवरा. घोडा विकत घेताना त्याच्या अंगावरचे भोवरे पाहत. माणसाच्या डोक्यावर दोन भोवरे असले तर त्याची दोन लग्नं होतात, असं आमची आजी छातीठोकपणे सांगे. माझ्या डोक्यावर दोन आहेत. लग्नाच्या वेळी ही गोष्ट कुणीतरी सासरी सांगितली, आणि तेव्हापासून मी टोपी काढली की सौ. अजून माझ्या डोक्याकडे संशयाने बघते.

विद्वानांचाही सांगता येईल. भोवरा पडत का नाही, या प्रश्नावर भल्याभल्यांनी रात्री जागवल्या. ऑयलर आणि लाग्रांज यांनी त्याची एकेक जात सोडवली. तिसरी जात सोफिया कोव्हालेव्स्काया या रशियन बाईंनी सोडवली, आणि १८८८ साली पॅरिसच्या अकादमीने त्यांना पारितोषिक देताना काम इतकं सरस आहे म्हणून रक्कम ३००० फ्रँकवरून ५००० केली. १८९० साली लीड्सला जॉन पेरी यांनी कामगारांपुढे भोवऱ्यावर अख्खं व्याख्यान दिलं. हे पेरी आधी काही वर्षं तोक्योत प्राध्यापक होते. म्हणजे इथेही जपान आलंच. आणि १९५१ सालचं स्वीडनमधल्या लुंड इथलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली, दोघेही नोबेलवाले, ओणवे होऊन जमिनीवरच्या एका चिमुकल्या भोवऱ्याकडे बघताहेत. तो भोवरा फिरता फिरता स्वतःच उलटा होऊन दांडीवर उभा राहतो. दोघांच्या चेहऱ्यावर जो भाव आहे तो मी बाळकुमला शाळा सुटल्यावर रोज पाहिलेला आहे. फक्त तिथे चड्डीला गुंडी नसे.

पण हा झाला जगाचा इतिहास. आमचा भोवरा कुणी नोंदवला? त्याचं माप कुणी ठरवलं? म्हणून मीच लिहायला बसलो आहे. ठाण्याबद्दल लिहिणाऱ्याने १६ एप्रिल १८५३ च्या आगगाडीचा उल्लेख न केल्यास दंड होतो, म्हणून तो इथे उरकून घेतो आणि बाळकुमला येतो.

१९६० साली बाळकुम म्हणजे ठाण्याच्या पुढचं गाव. शेतं, कौलारू घरं, पलीकडे कशेळीची खाडी, आणि भिवंडीकडे जाणारा रस्ता. गाव आगरी-कोळ्यांचं. आम्ही बदलीवर आलेले भाडेकरू. संयुक्त महाराष्ट्र झाला त्या पावसाळ्यानंतर मी वडिलांबरोबर ठाण्याच्या बाजारात जाऊन भोवरा आणला. किंमत दोन आणे. नवे पैसे येऊन तीन वर्षं झाली होती. दोन आण्यांचे हिशेबाने बारा नये पैसे होत, पण दुकानदार तेरा घेई. तो जो वरचा एक पैसा होता त्याच्यावर वडील घरी येईपर्यंत बोलत होते.

भोवरा मात्र देखणा होता. लाल, हिरवे, पिवळे लाखेचे पट्टे. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या खेळण्यांवर असतो तसा तुळतुळीतपणा. लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर चढते आणि मग केवड्याच्या पानाने घासून तिला झिलई आणतात. हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त एवढं कळत होतं की गावात असा भोवरा दुसऱ्या कुणाकडे नाही.

मी तो घेऊन रिंगणापाशी गेलो. तिथे माझ्याच वर्गातला एक आगरी मुलगा होता. त्याच्या हातातला भोवरा म्हणजे काळपट, रंग नाही, लाख नाही, पैलू पडलेला गोटा. त्याच्या काकाने मोडक्या नांगराच्या बाभळीतून तासून काढलेला. त्याने माझा भोवरा हातात घेतला, कानाशी वाजवला, हुंगला, आणि परत देत म्हणाला,

"यो भवरा नाय र. यो लाटना हाय."

भोवरा पारखण्याचा माझा पहिला धडा तो. पुढचे त्याने हळूहळू दिले. ते इथे नमूद करतो, कारण दुसरीकडे कुठे नमूद असल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

लाकूड आधी. पांगारा नको. तो हलका, मऊ. सावंतवाडीची लाकडी फळं त्याची होत आणि ती छान होत, कारण आंब्यावर कुणी खिळा हाणत नाही. भोवऱ्याला बाभूळ, शिसव, पेरू, मिळाला तर खैर. खैराचा जुना गाभा इतका जड की पाण्यात बुडायच्या बेतात असतो. लाकडाच्या रेषा डोक्यापासून आरीपर्यंत सरळ उतरल्या पाहिजेत. गाठ नको. आणि फांदीचा मधला गर भोवऱ्याच्या मध्यावर आलेला नको, कारण वाळताना तडा तिथूनच जातो. बाजारातले भोवरे बहुतेक असेच आख्ख्या फांदीचे असत. माझा तसाच होता.

मग आर. दुकानातली आर ही नुसती शोभेची. ती काढायची, चांगला खिळा आणायचा, आधी बारीक भोक पाडून मगच ठोकायचा, नाहीतर लाकूड तिथेच फाटतं. मग खिळ्याचं डोकं कापून टोक पाट्यावर घासायचं. (पाटा आईचा. त्या दिवशीच्या चटणीत लोह भरपूर.) आर लांब ठेवली तर भोवरा डोलतो, आखूड ठेवली तर बसका फिरतो. टोकदार ठेवली तर एका जागी रुतून राहतो आणि दुसऱ्याला मारायला बरी. जरा गोलसर ठेवली तर भोवरा आधी हिंडतो, हळूहळू ताठ होतो आणि मग असा उभा राहतो की फिरतोय की नाही कळू नये. नुसता गुणगुणतो. तिथे तो पुन्हा भ्रमर होतो. ही ताठ होण्याची करामत आरीचं गोल टोक जमिनीला घासल्यामुळे होते, हे पंडितांनी गणिताने सिद्ध केलं आहे. बाळकुमला ते पाट्यावर सिद्ध होई.

परीक्षा हातावर. फिरता भोवरा तळव्यावर घ्यायचा. गुदगुल्या झाल्या तर आर मध्यावर आहे. तळवा झिणझिणला तर नाही. एवढी सोपी तपासणी मी पुढे चाळीस वर्षं नोकरीत कुठल्याच यंत्राची होताना पाहिली नाही.

जाळी म्हणजे दोरी. ती सुती हवी. गुंडाळण्याआधी किंचित ओली करायची, म्हणजे सरकत नाही. टोकाला सोडावॉटरच्या बाटलीचा पत्र्याचा बिल्ला ठोकून सपाट करून, भोक पाडून अडकवायचा आणि तो दोन बोटांत धरायचा. ज्याला हे सगळं आलं त्याला हातजाळी येई: भोवरा जमिनीला लागूच द्यायचा नाही, हवेत फेकून जाळीला झटका द्यायचा आणि तो फिरता फिरता थेट तळव्यावर उतरवायचा. तो मुलगा हे डोळे मिटून करी. मला कधीच आलं नाही.

खेळाचा नियम क्रूर होता. हरला त्याचा भोवरा रिंगणात आडवा ठेवायचा आणि बाकीच्यांनी आपल्या आरीने त्याला गुच्चे मारायचे. माझा लाल-हिरवा-पिवळा तिसऱ्या गुच्च्याला उभा फाटला. दोन फाका झाल्या. मी रडलो नाही, असं मी घरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने मला एक काळा गोटा आणून दिला. त्याच्या काकाने रात्री नांगराच्या उरलेल्या तुकड्यातून तासला होता. "रंग तुझा तू लाव," एवढंच म्हणाला. पाचवीनंतर त्याने शाळा सोडली आणि तो रेतीच्या होडीवर जाऊ लागला. मी ठाण्याच्या शाळेत गेलो. आमची बिऱ्हाडं बदलत गेली आणि सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात जाताना तो भोवरा हरवला. बाभळीचा भोवरा फुटत नाही, पण हरवतो.

आता तुम्ही म्हणाल, भोवरे करणारे कातारी गेले कुठे? पुष्कळ लेखांत ते 'काळाच्या पडद्याआड' गेलेले असतात. मला तो पडदा कुठे आहे ते माहीत आहे. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि ठाण्याला वागळे इस्टेट उभी राहिली. कारखान्यांना टर्नर पाहिजे होते. टर्नर म्हणजे कोण? लोखंडाचा कातारी. ज्याच्या बापाने दोरी ओढून लाकूड फिरवलं त्याच्या मुलाने आयटीआयमधून दाखला आणला आणि विजेच्या लेथवर पोलाद फिरवलं. पगार बरा, भविष्यनिर्वाह निधी, दिवाळीला बोनस. भोवऱ्याला बोनस नव्हता. यात रडण्यासारखं काय आहे? मीसुद्धा तेच केलं असतं. १९८२ साली महानगरपालिका झाली, आसपासची गावं तिच्यात गेली, बाळकुमही गेलं. पुढे कारखाने बंद पडत गेले आणि त्यांच्या जागी मनोरे आले. अशाच एका बंद कारखान्याच्या जागेवरच्या मनोऱ्यात एकविसाव्या मजल्यावर मी आता राहतो. म्हणजे एका अर्थी लेथच्या डोक्यावर.

आणि तिथे मला उलगडलं की केन्डामा इथे का जगेल. भोवऱ्याला जमीन लागते. आमच्या घरात जमीन नाही, टाइल्स आहेत. त्यांच्यावर आर घसरते किंवा टाइल जाते. केन्डामाला काहीच लागत नाही. तो दोरीने हाताला लटकतो, पडला तरी वीतभरच पडतो. अंगण नसलेल्या माणसाचा भोवरा तो. नातवाला पंधरा दिवसांत मोठी वाटी, लहान वाटी, बुडाची वाटी जमू लागली. कठीण लाकूड असल्यामुळे प्रत्येक झेलाला 'टॉक' असा सुरेख आवाज येतो. विसाव्या मजल्यावरच्यांना तो तितका सुरेख वाटत नाही. मीही प्रयत्न केला. यातलं मुख्य सूत्र असं की चेंडू खाली येताना आपणही गुडघ्यात वाकून त्याच्याबरोबर खाली जायचं, म्हणजे तो वाटीत अलगद बसतो. माझ्या वयाच्या माणसाला गुडघ्यात वाकायला सांगणारा खेळ निर्माण करणारा माणूस नक्कीच तरुण असावा. मी खाली गेलो. चेंडू वाटीत बसला. मला वर आणायला दोघांना यावं लागलं.

पण त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जाईना. एक बाभळीचा भोवरा माझ्याकडून येणं होता.

ठाण्यातली दुकानं पालथी घातली. प्लॅस्टिकचे, दिवा लागणारे, गाणं म्हणणारे भोवरे मिळाले. शेवटी कल्याणला पोळपाट-लाटणी करणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ता लागला. वडील कातारी, स्वतः कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर, मुलगा संगणकावर चालणाऱ्या लेथवर. एकाच घरात सगळा इतिहास. मी त्यांना बाभळीचा एक तुकडा दिला. लाकडाच्या जुन्या बाजारातून मोडक्या बैलगाडीचा मिळवला होता. म्हणालो, भोवरा करून द्या.

"माप?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ड्रॉइंग द्या. व्यास किती, उंची किती, उतार किती. चाळीस वर्षं ड्रॉइंगवर काम केलंय, साहेब. अंदाजाने नाही जमायचं."

हात्सुकाइचीला कागद आहे. मी मूठ पुढे केली आणि म्हणालो, "एवढा." मग कांद्यासारखं एक चित्र काढलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "वडील असते तर…" म्हणाले, आणि ठेवून घेतलं. आठ दिवसांनी भोवरा घेऊन, नातवाला बरोबर घेऊन मी जुन्या गावात गेलो. मेट्रोच्या खांबांपासून आत वळलं की दोन गल्ल्यांनंतर अजून एक अंगण आहे.

तो ओटीवर बसला होता. केस पांढरे, हात थरथरणारे. मी भोवरा त्याच्या हातात दिला. त्याने कानाशी धरून वाजवला. हुंगला. बोटाने डोक्यापासून खाली रेष पाहिली. मग माझ्याकडे वर पाहून म्हणाला,

"यो भवरा नाय र. यो लाटना हाय."

खरंच होतं. कल्याणच्या टर्नरने माझ्या कांद्याला ताणून, दोन्ही बाजूंनी एकसारखं, अगदी मिलिमीटरमध्ये बसवलं होतं. पण लाकूड बाभळीचं होतं. त्याने आतून कोयता आणि कानस मागवली आणि तासायला बसला. थरथरणारा हात लाकडावर टेकला की थरथरत नव्हता. तासाभराने पैलू पडलेला, काळपट, कुरूप गोटा तयार झाला. खिळा ठोकला, पायरीवर घासला, नातवाच्या बुटाची नाडी सोडवून जाळी केली. पहिल्या खेपेला भोवरा तुळशीवृंदावनाला लागला. दुसऱ्या खेपेला त्याने हवेतच झटका दिला आणि भोवरा जमिनीला न लागता त्याच्या तळव्यावर उतरला. तसाच फिरता त्याने तो माझ्या तळव्यावर ठेवला. गुदगुल्या झाल्या.

"तुझा एक भोवरा द्यायचा राहिला होता," मी म्हणालो. "हा घे."

"एकच?" तो म्हणाला. "नि याज?"

नातवाला वाटलं खरंच काहीतरी देणं आहे. त्याने गंभीरपणे आपला केन्डामा पुढे केला. म्हाताऱ्याने तो घेतला, वाजवला, मान डोलावली, हुंगला, उलटा केला, दोरीला लोंबणारा चेंडू पाहिला.

"लाकूर चांगला हाय," तो म्हणाला. "पन खलबत्ता टांगून ठेवलाय कनाला?"

नातवाने कसं खेळायचं ते दाखवलं. तो उठून अंगणात उभा राहिला, एक पाय पुढे टाकला, आणि चेंडू उडवला. चुकला. पुन्हा उडवला. आतून चहा आला, निवला, परत गरम होऊन आला. नातू मोजत होता. एकतिसाव्या खेपेनंतर त्याने मोजणं सोडलं, आणि माझ्या हातातला भोवरा घेऊन तो पायातल्या बुटाची दुसरी नाडी सोडवू लागला.